ज्ञात मर्यादा

काही माणसांना वर्तमानपत्र मागच्या पानापासून वाचण्याची खोड असते. आधी क्रिकेट, मग बाजारभाव, मग मधली पाने, आणि चहा संपत आला म्हणजे जगाची उलथापालथ. कादंबरी हाती पडली की आधी तिचा शेवट वाचून टाकणारे वाचकही माझ्या ओळखीचे आहेत, आणि त्यांच्याशी माझे कधी फारसे जमले नाही. पण एका बाबतीत मीही त्यांच्याच पंगतीला बसतो. संगणकावर वापरायच्या एखाद्या प्रोग्रामची नवी आवृत्ती निघाली की तिच्याबरोबर एक पत्रक येते. त्यात वरच्या अंगाला ‘नवी वैशिष्ट्ये’ असतात, आणि अगदी तळाशी, लिहिणाऱ्याला सद्बुद्धी झाली असेल तर, ‘ज्ञात मर्यादा’ असतात. मी खालून वर वाचत जातो.

आमच्या घरी या वाचनाची यथास्थित थट्टा होते. “अहो, रहस्यकथा वाचावी तसे डोळे बारीक करून काय वाचता ते?” असे सौ. विचारते. मी म्हणतो, रहस्यकथेपेक्षा हे बरे. प्रेत कुठे पुरले आहे ते इथे लेखक स्वतःच सांगून टाकतो. या उत्तराने तिचे समाधान झाल्याचे मला कधी दिसले नाही.

पत्रके पुष्कळ प्रकारची असतात, पण माझा जीव रमतो तो डीबगरच्या पत्रकात. ज्यांचा या धंद्याशी संबंध नाही अशा वाचकांसाठी चार शब्द सांगितले पाहिजेत. प्रोग्राम हा हुकमाचा ताबेदार, पण वाऱ्याच्या वेगाने धावणारा नोकर. तो चुकला तर कुठे चुकला हे कळत नाही, कारण डोळ्याचे पाते लवायच्या आत त्याची सगळी धावपळ आटोपलेली असते. डीबगर हा दुसरा प्रोग्राम. तो या धावणाऱ्याचा दंड धरून त्याला मध्येच थांबवतो. ‘अमुक ओळीपाशी आलास की थांब’ अशी खूण करून ठेवायची, तिला ब्रेकपॉइंट म्हणतात. थांबला की त्याचे खिसे तपासायचे. या क्षणी तुझ्याजवळची रक्कम किती? तुला इथे कोणी पाठवले? त्याला कोणी पाठवले? मग एकेक पाऊल टाकायला लावायचे आणि कोणत्या पावलाला तो अडखळतो ते पाहायचे. ९ सप्टेंबर १९४७ रोजी हार्वर्ड विद्यापीठाच्या ‘मार्क टू’ यंत्रात एक पतंग सापडला आणि तो नोंदवहीत चिकटवून ठेवला गेला, ही हकीकत तर पुष्कळांना पाठ असते. तो पतंग आता आमच्या धंद्याचे कुलदैवतच होऊन बसला आहे. वास्तविक यंत्रातल्या खोडीला ‘बग’ म्हणण्याची इंजिनिअर मंडळींची रीत त्याच्या कितीतरी आधीची. एडिसनच्या १८७८ सालच्या एका पत्रातही तो शब्द आहे.

माझा निम्मा जन्म ज्याच्या संगतीत गेला तो डीबगर म्हणजे जीडीबी. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८६ साली तो लिहिला, आणि तेव्हापासून आजतागायत अनेक हातांनी तो वाढवला. फुकट मिळतो, ही त्याची कीर्ती. फुकट आहे म्हणून तो वापरणारे अनेक पाहिले. त्याच्याबरोबर येणारे कागद वाचणारे फार थोडे पाहिले.

दुसऱ्याच्या डोळ्यातले कुसळ दिसते आणि आपल्या डोळ्यातले मुसळ दिसत नाही, असे आपण म्हणतो. डीबगरचा तर धंदाच कुसळे वेचण्याचा. तेव्हा आपल्या डोळ्यात मुसळ आहे की नाही, असल्यास किती लांबीचे, हे त्याने आधी सांगावे ही अपेक्षा काही जगावेगळी नव्हे. दुसऱ्या एखाद्या प्रोग्रामने आपली उणीव लपवली तर फार तर एक काम बिघडते. डीबगरने लपवली तर आपण भलत्याच ओळीवर, आणि पुष्कळदा भलत्याच माणसावर, ठपका ठेवून मोकळे होतो.

‘नवी वैशिष्ट्ये’ हे प्रकरण मला स्थळाच्या पत्रासारखे वाटते. मुलगा निर्व्यसनी, स्वभावाने शांत, घरचे खाऊनपिऊन सुखी. सगळे खरे असेलही. पण मुलगा बोलताना समोरच्याचे ऐकून घेत नाही, असा एक रकाना आजवर कोणत्याही पत्रात मी पाहिलेला नाही. घराचे खरेदीखत घ्या. सदर मिळकत निर्वेध व निजोखमी आहे, असे त्यात ठणकावून लिहिलेले असते. पावसाळ्यात मागच्या भिंतीला ओल येते ही हकीकत खरेदीदाराला आषाढात कळते. विकणाऱ्याने आपणहून उणे सांगावे ही चाल आपल्या व्यवहारात फारशी नाही. मग संगणकाच्या धंद्यात ती आली कुठून?

तिचा उगम शोधायला निघालो तर १९७१ सालच्या एका पुस्तिकेपाशी थांबावे लागते. अमेरिकेत बेल लॅबोरेटरीजमध्ये केन टॉम्प्सन आणि डेनिस रिची या दोघांनी युनिक्स नावाची यंत्रणा तयार केली होती. तिची पहिली हस्तपुस्तिका ३ नोव्हेंबर १९७१ या तारखेची आहे. त्यातल्या दर आज्ञेला एक पान. नाव, वापरायची रीत, वर्णन असे रकाने, आणि शेवटाकडे एक रकाना ‘बग्ज’ या नावाचा. डीबगरलाही तेव्हा एक पान होते. त्याचे नाव नुसते ‘डीबी’. जिथे सांगण्यासारखी खोड नव्हती तिथे दोन आडव्या रेघा मारून सोडले होते, पण रकाना गाळलेला नव्हता. मला त्याहून आवडलेली गोष्ट अशी की, या रकान्याच्या खालीच ‘ओनर’ म्हणून आणखी एक रकाना होता. म्हणजे खोडी अशा अशा, आणि त्यांचा धनी अमुक. एवढ्या सरळपणाची पत्रके पुढे निघाली नाहीत. पुढच्या काळात खोडी राहिल्या आणि धन्याचे नाव गळाले.

इथे कोणी म्हणेल की, कबुलीजबाब तर आजही सगळेच देतात. देतात खरे. जीडीबी उघडला की सुरुवातीच्या ओळींतच तो सांगतो, कायदा परवानगी देईल तेथवर कसलीही हमी नाही. पण या कबुलीला मी फार किंमत देत नाही. ‘मनुष्य स्खलनशील आहे’ असे सभेत उभे राहून सांगायला काही पडत नाही. ते ऐकून टाळ्याही पडतात. ‘गेल्या मंगळवारी मी तुमच्या हिशोबात सव्वादोनशे रुपये चुकीचे मांडले’ असे सांगायला मात्र छाती लागते. ‘कसलीही हमी नाही’ हे पहिल्या जातीचे वाक्य. ज्ञात मर्यादा दुसऱ्या जातीच्या. त्यांना क्रमांक असतो, जागा असते, आणि ती मर्यादा कोणत्या वेळी तुम्हाला दगा देईल तेही सांगितलेले असते.

असा एक क्रमांक माझ्या कायमचा लक्षात राहिला आहे. १०९१.

२००५ सालची गोष्ट. पुण्यातल्या ज्या कचेरीत मी तेव्हा होतो तिथे परदेशातल्या एका गिऱ्हाइकाचे काम चालले होते. खातेदारांच्या यादीत काही नावे रात्रीतून दोनदोनदा उमटत. कारण शोधण्याचे काम एका नव्या मुलीकडे आले. मिरजेहून आलेली, पहिलीच नोकरी, बोलणे मोजके. तिने प्रोग्राममध्ये जागोजाग ‘मी इथून गेलो’ असे छापणाऱ्या ओळी घातल्या, रात्रभर तो चालू ठेवला, आणि सकाळी सांगितले की, एका ठिकाणचा कन्स्ट्रक्टर एकदा चालायचा तिथे दोनदा चालतो आहे. कन्स्ट्रक्टर म्हणजे प्रोग्राममध्ये एखादी वस्तू जन्माला आली की तिचे बारसे करणारा तुकडा. एकाच बाळाच्या नावाने दोन बारशी होत होती, असे तिचे म्हणणे.

आमचे वरिष्ठ हुशार गृहस्थ. यंत्राच्या कामात त्यांचा हात धरणारे त्या कचेरीत कोणी नव्हते, आणि हे त्यांनाही ठाऊक होते. त्यांनी सगळ्यांसमोर जीडीबी उघडला, त्या कन्स्ट्रक्टरवर ब्रेकपॉइंट लावला आणि प्रोग्राम सोडला. जीडीबीने ‘ब्रेकपॉइंट लागला’ असे रीतसर सांगितलेही होते. प्रोग्राम सुरू झाला, धावला, संपला. एकदाही थांबला नाही.

“मॅडम, तुमचा कन्स्ट्रक्टर दोनदा सोडा, एकदासुद्धा चालत नाही,” ते म्हणाले. ती म्हणाली, “सर, पण छापलेल्या ओळी आहेत ना.” त्यावर ते म्हणाले, “छापलेल्या ओळी तुम्ही छापलेल्या. यंत्राला खोटं बोलायचं कारण काय?”

चौदा माणसे बसली होती. परदेशातले गिऱ्हाईक टेलिफोनवर ऐकत होते. मुलीने वही मिटली. काही बोलली नाही. दुपारपर्यंत ते काम तिच्याकडून काढून दुसऱ्याला द्यायचे ठरले.

यात कोणी दुष्ट नव्हते हे मला मुद्दाम सांगितले पाहिजे. वरिष्ठांनी डोळ्यांनी पाहिले तेच सांगितले. पण एका बाजूला माणसाचा शब्द आणि दुसऱ्या बाजूला यंत्राचा, असा तराजू उभा राहिला की आपले पारडे कुठे झुकते, ते त्या दिवशी चौदा जणांनी दाखवले. माझ्याजवळ तरी त्या मुलीच्या बाजूने बोलायला पुरावा कुठे होता? एवढे मात्र जाणवले की, रात्रभर जागून खोट्या ओळी छापण्यात तिला मिळवायचे काहीच नव्हते.

माझी खोड इथे उपयोगी पडली. जीडीबीच्या मूळ मजकुराबरोबर तेव्हा दोन फायली येत. एकीचे नाव ‘न्यूज’. नवे काय आले, ते त्यात. सर्वांत ताजे सर्वांत वर. दुसरी ‘प्रॉब्लेम्स’. नावाप्रमाणे तीत ठाऊक असलेल्या अडचणी, आणि ती पहिलीच्या मानाने अगदी किरकोळ अंगाची. संध्याकाळी मी ती काढून वाचू लागलो. सी प्लस प्लस या भाषेच्या सदरात १०९१ क्रमांकाची अडचण होती: कन्स्ट्रक्टरवरच्या ब्रेकपॉइंटची.

तिचा आशय असा. जीसीसी नावाचा कंपायलर, म्हणजे आपण लिहिलेल्या मजकुराचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा प्रोग्राम, तिसऱ्या पिढीत आला तेव्हापासून एका कन्स्ट्रक्टरच्या दोन किंवा तीन प्रती तयार करतो. का करतो, त्याचेही कारण आहे. स्वतंत्र बिऱ्हाडात जन्मलेल्या मुलाचे सगळे विधी त्याच घरात करावे लागतात. एकत्र कुटुंबात जन्मलेल्याचे काही विधी थोरल्या घराने आधीच उरकलेले असतात. ते पुन्हा करायचे नसतात. तशीच एखादी वस्तू स्वतंत्र जन्मते तेव्हा एक प्रत, आणि दुसऱ्या मोठ्या वस्तूचा अंश म्हणून जन्मते तेव्हा दुसरी. पूर्वीची जीसीसी एकच प्रत ठेवून, ‘हे घर कोणते’ ते तिला गुपचूप सांगत असे. पुढे अनेक कंपायलर-कर्त्यांनी मिळून एक सामाईक संकेत ठरवला आणि त्यात वेगवेगळ्या प्रती करणे आले. आपण लिहिलेल्या मजकुरात नाव एकच. जीडीबीला त्या नावाची जी प्रत सापडे तिच्यावर तो खूण करी. प्रोग्राम दुसऱ्या प्रतीतून निघून जाई. म्हणून कन्स्ट्रक्टरवर ब्रेकपॉइंट लावून भरवसा ठेवता येत नाही, असे त्या फायलीत स्वच्छ लिहिले होते.

दोन दरवाज्यांच्या वाड्याच्या पुढच्या दरवाज्यावर शिपाई उभा केला होता. परसदारातून माणूस दोनदा गेला. शिपायाने सकाळी सांगितले, या दाराने कोणी गेले नाही. आणि ते खरेच होते. वाड्याला दोन दारे आहेत हे त्याने नोकरीवर रुजू होतानाच लिहून दिले होते. ते कोणी वाचले नव्हते, एवढेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या मुलीला बोलावले. दोन्ही प्रतींचे यंत्राच्या स्मृतीतले पत्ते काढले आणि नावाऐवजी थेट पत्त्यावर खूण केली. पहिल्या प्रतीवर कोणी आले नाही. दुसऱ्यावर प्रोग्राम थांबला. तिने हलकेच ‘पुढे चल’ची आज्ञा दिली. तो पुन्हा तिथेच थांबला. “दोन,” ती म्हणाली. बाकी काही नाही.

वरिष्ठांनी तो परिच्छेद दोनदा वाचला. “असल्या गोष्टी हे लोक इतक्या खाली लिहितात होय!” असे म्हणाले. मग त्यांनी मुलीची गाठ घेऊन “तुमचं बरोबर होतं” असे सांगितले, हेही खरे. पण ठपका ठेवला गेला होता चौदा माणसांसमोर आणि टेलिफोनवरच्या गिऱ्हाइकासमोर; दुरुस्ती झाली ती जिन्यात, मी आणि पाण्याची बाटली घेऊन चाललेला एक मुलगा यांच्यादेखत. सहा महिन्यांनी तिने ती कचेरी सोडली. कारण म्हणून तिने पगार लिहिला.

जीडीबीची ६.८ ही आवृत्ती २७ मार्च २००८ रोजी निघाली. तिच्या नव्या वैशिष्ट्यांत, एका नावाच्या अनेक जागा असल्या तर त्या सगळ्यांवर मिळून एक ब्रेकपॉइंट लावता येतो, असे जाहीर झाले. कन्स्ट्रक्टरही त्यात आले. यादी मागितली की एका ब्रेकपॉइंटच्या पोटात १.१, १.२ अशा त्याच्या जागा दिसतात. म्हणजे ‘प्रॉब्लेम्स’मध्ये बसलेली गोष्ट उठून ‘न्यूज’मध्ये जाऊन बसली. वरून वाचणाऱ्याला ते एक नवे कौतुक वाटले असेल. मी ती ओळ वाचली तेव्हा मला चौदा खुर्च्या दिसल्या. नव्या वैशिष्ट्यांच्या यादीतल्या कितीतरी ओळी अशाच कुणाच्या तरी जुन्या त्रासाच्या असतात. तिथे फक्त त्रासाचा उल्लेख गाळलेला असतो.

पुढच्या वर्षी, २००९ साली, लक्ष्मीपूजन १७ ऑक्टोबरला होते. त्याच्या अकरा दिवस आधी, ६ ऑक्टोबरला, जीडीबी ७.० आला. या आवृत्तीत जे नवे आले त्याने माझ्यासारख्या खालून वर वाचणाऱ्यालाही वर पाहायला लावले. प्रोग्राम उलटा चालवता येऊ लागला! आजवर डीबगर फक्त पुढे जाई. चूक घडून गेल्यावर लक्षात आले तर सगळा खेळ पहिल्यापासून मांडायचा, आणि या वेळी जरा आधी थांबायचे. आता नोंद चालू ठेवली तर घडलेल्या जागेवरून एक पाऊल मागे, आणखी एक पाऊल मागे, असे जात जात ‘ही रक्कम बिघडली कधी’ तिथवर पोचता येते. मांडणी तीच, खेळ उलटा. त्या दिवाळीत फराळाच्या ताटासमोर मी हे आमच्या घरी समजावून सांगितले. “म्हणजे बिघडलेली चकली पुन्हा पिठात जाते म्हणा की,” एवढी एकच प्रतिक्रिया आली. आणि खरे सांगायचे तर ती बऱ्यापैकी अचूक होती.

पण मर्यादा? त्या होत्याच. डीबगर मागे जातो तो जादूने नव्हे. प्रत्येक सूचना पाळण्यापूर्वी तो आधीची स्थिती टिपून ठेवतो, म्हणून काम फार मंदावते. आणि टिपायलाही सीमा आहे. आपण होऊन वाढवली नाही तर दोन लाख सूचनांपर्यंतच नोंद राहते. दोन लाख हा आकडा ऐकायला मोठा. पण आजचा प्रोसेसर एका सेकंदात अब्जावधी सूचना पाळतो, त्या मानाने दोन लाख म्हणजे सेकंदाचा दहा हजारावा भाग. तेवढेच मागे जायला मिळते. पुढे नव्या धाटणीचे प्रोसेसर आले तेव्हा तर बरीच वर्षे अशी गेली की, त्यांच्या काही रुंद अंकगणिती सूचना गाठ पडल्या की नोंद करणारा ‘ही सूचना मला टिपता येत नाही’ म्हणून चक्क लेखणी खाली ठेवी. थांबला म्हणून मला राग येत नसे. न टिपता तो तसाच पुढे गेला असता आणि मागे जाताना भलतीच स्थिती खरी म्हणून दाखवली असती, तर मात्र आला असता.

आणखी एक मर्यादा हस्तपुस्तिकेत अगदी तळटीपेत दिली आहे. स्मृतीतले आकडे पूर्ववत करणे त्या मानाने सोपे. बाहेरच्या उपकरणांकडे जे गेले ते परत घेणे कठीण. प्रोग्राम मागे गेला तरी पडद्यावर छापलेली ओळ पुसली जात नाही, छपाईयंत्रातून निघालेला कागद आत जात नाही, तारेवरून गेलेला निरोप गेलेलाच राहतो. ही तळटीप वाचताना मला त्या जिन्याची आठवण झाली, हे वाचकांना सांगायला नको.

डीबगरचे दोन शब्द माझ्या विशेष आवडीचे आहेत: ‘ऑप्टिमाइझ्ड आउट’. कंपायलरला प्रोग्राम वेगवान करायला सांगितले की तो आपण लिहिलेल्यातले पुष्कळ काही गाळतो, मागचे पुढे करतो. आपण मोठ्या प्रेमाने नाव ठेवलेली रक्कम यंत्राच्या अंगात कुठेच राहिलेली नसते. अशा वेळी तिची किंमत विचारली तर जीडीबी आकडा देत नाही. ही गाळली गेली, एवढेच सांगतो. नवी पोरे या उत्तरावर चिडतात. मला ते आमच्या गावच्या जुन्या कारकुनाचे उत्तर वाटते. विचारलेले पान दप्तरात नसले की तो ‘पान गहाळ’ असे लिहून सही करी. अंदाजाने आकडा भरून देणारे कारकून त्याच्यापेक्षा लोकप्रिय होते. पण कज्जा उभा राहिला की गाव याच्याकडे येई.

आणि एक मर्यादा तर मला थोडी गूढच वाटत आली. काही खोडी अशा असतात की, डीबगर लावला की त्या नाहीशा होतात. एरवी प्रोग्राम रोज कोसळतो. पाहायला बसावे तर शहाण्यासारखा चालतो. अशा खोडीला धंद्यात ‘हायझेनबग’ म्हणतात. जिम ग्रे यांच्या १९८५ सालच्या प्रसिद्ध लेखातही हा शब्द आहे. गूढाचे एक कारण मात्र अगदी साधे आहे. चोरांना वाट सापडू नये म्हणून लिनक्स यंत्रणा प्रोग्रामला स्मृतीत दर वेळी वेगळ्या ठिकाणी बिऱ्हाड देते. तपासणाऱ्याला रोज नवा पत्ता शोधणे त्रासाचे, म्हणून जीडीबी हा फेरबदल बंद करून ठेवतो आणि दर वेळी एकच पत्ता. ज्या खोडीचा उगमच पत्त्याच्या फेरबदलात आहे ती मग दिसणार कशी? हस्तपुस्तिका हे सांगते, आणि फेरबदल पुन्हा चालू करण्याची आज्ञाही देते. पाहुणा आला म्हणून पोरे गप्प बसली आहेत, हे पाहुण्यानेच आपल्याला सांगावे, तसे.

या सगळ्यावरून मी मर्यादांच्या यादीचा आंधळा भक्त आहे असे मात्र कोणी समजू नये. तिचीही थोतांडे पाहिली आहेत. एखादी खोड ‘ज्ञात’ म्हणून यादीत घातली की ती दुरुस्त करण्याचे ओझे डोक्यावरून उतरले, असे मानणारी मंडळी आहेत. सात आवृत्त्या तेच कलम, तोच क्रमांक, शुद्धलेखनाची चूकसुद्धा तीच. तक्रार करावी तर ‘आम्ही सांगितले होते’ हे उत्तर तयार. आणि अलीकडे टेलिफोनवरच्या प्रोग्रामांबरोबर जी पत्रके येतात ती तर पत्रकेच नव्हेत. ‘काही दोष दूर केले व कामगिरी सुधारली.’ कोणते दोष? कुणाला भोवलेले? ‘न्यूज’ नाही, ‘प्रॉब्लेम्स’ नाही. नुसते ‘सर्व क्षेम’ असे पोस्टकार्ड. अशी पोस्टकार्डे आली की आमची आजी म्हणे, काहीतरी लपवतोय मेला.

ती मिरजेची मुलगी आता मुलगी राहिलेली नाही. हिंजवडीत वीस-बावीस जणांच्या पथकाची ती प्रमुख आहे, आणि तिचे पथक जे तयार करते तेही दुसऱ्यांचे प्रोग्राम तपासण्याचेच एक उपकरण आहे. मधून मधून तिचा फोन येतो. गेल्या वर्षी तिने नव्या आवृत्तीचे पत्रक मला वाचायला पाठवले. अकरा मर्यादा होत्या, आणि त्या पत्रकात सगळ्यांच्या वर होत्या; नवी वैशिष्ट्ये खाली. विक्री विभागाशी त्यावरून तिचे बरेच वाजले होते असे मागाहून कळले. प्रत्येक मर्यादेपुढे ती हाताळणाऱ्याचे नाव. सातव्या कलमापुढे तिचे स्वतःचे.

ते सातवे कलम मला नीट लागेना. उपकरण तासन्‌तास चालू ठेवले की एखाद्या वेळी एक नोंद गळते, इतकेच त्यात होते. मी फोन केला. “सर, का गळते ते आम्हालाही अजून कळलेलं नाही,” ती म्हणाली. मी म्हटले, मग निदान किती वेळा पाहिले, कोणत्या यंत्रावर पाहिले, तेवढे तरी घाला. वाचणाऱ्याला धरायला काहीतरी हवे. तिने थोडा वेळ कागद चाळले. “पाच वेळा. दोन यंत्रांवर. दोन्ही जुनी,” ती म्हणाली, आणि तसे घातले.